ट्रंकेतल्या लिरा आणि दहा भाषांची नोट

मागच्या अंकात मी महायुद्धाच्या काळातल्या युरोपी नोटा जमवते, एवढं ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं सोलापूर जिल्ह्यातलीच आहेत. त्यातली काही या वेळी घेते. ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापूरच्या साखर पेठेत आमचा छापखाना होता. चादरींची लेबलं, पावतीपुस्तकं, मराठी-कानडी-तेलुगू लग्नपत्रिका असं जॉबवर्क चालायचं. सोळाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली खिळे जुळवायला बसले, ती शेवटचं मशीन विकलं त्या दिवशीच उठले. त्यामुळे नोट हातात आली की मी आधी कागद चाचपते, मग भिंगातून शाई बघते, मग नोट उलटी करून नंबराचा ठसा मागे उमटलाय का ते बघते. किमतीचं नंतर.

प्रश्न : ताई, आमचे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, ताऱ्यासारखं एक पदक आणि आठ नोटा सापडल्या. सहा नोटा जवळजवळ चौकोनी आहेत, ५ आणि १० लिरांच्या. दोन लांबट आहेत, १०० लिरांच्या. वर इंग्रजीत 'अलाइड मिलिटरी करन्सी' छापलंय. राजाचं चित्र नाही, बँकेचं नाव नाही. एकजण म्हणाला या खेळण्यातल्या नोटा आहेत, दुसरा म्हणाला दोन लाख येतील. खरं काय? — एक वाचक, बार्शी

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. नोटा तुमच्या वर्णनावरून खऱ्या वाटतात. त्यांचे दोन लाख येणार नाहीत, दोन हजार आले तरी पुष्कळ. पण तुमच्या ट्रंकेत जे सापडलंय ते मला तीस वर्षं हिंडून मिळालेलं नाही. नोटा, पदक आणि डिस्चार्ज बुक, एकाच माणसाचं, एकाच जागी!

जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या सिसिली बेटावर उतरल्या. परमुलखात लाखो सैनिक आले की त्यांना भाजी, दारू, धोबी, सगळ्याला पैसे लागतात. डॉलर-पौंड तिथल्या बाजारात ओतायचे नव्हते. म्हणून लष्करी राजवटीसाठी वेगळ्या लिरा अमेरिकेत छापून घेतल्या. '१९४३ची मालिका' असं तुमच्या नोटांवर असेलच. भाव ठरवून दिला होता. एका डॉलरला १०० लिरा, एका पौंडाला ४००. तेव्हा आपला रुपया दीड शिलिंगाचा होता. हिशेब करून बघा, एका रुपयाला ३० लिरा पडतात. म्हणजे आजोबांची १० लिरांची नोट म्हणजे पाच आणे चार पै.

आता भिंग घ्या. या नोटांचा मोठा भाग बोस्टनच्या फोर्ब्ज नावाच्या लिथोग्राफ कंपनीने छापला. रंगीत पोस्टरं छापणारी कंपनी ती, आमच्याच जातकुळीतली. तिने आपली खूण म्हणून नक्षीत इंग्रजी 'एफ' हे अक्षर इतकं बारीक दडवलंय की नुसत्या डोळ्यांना ते वेलबुट्टीचाच भाग वाटतं. एफ नसेल तर नोट वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यातली. दोन्ही खऱ्याच. आठही नोटा बघा आणि कुठल्या एफवाल्या, कुठल्या बिनएफच्या ते लिहून ठेवा. संग्राहक आधी तेच विचारतात.

मग नोट उलटी करा. मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापली आहेत. बोलण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, ददातीपासून मुक्तता, भयापासून मुक्तता. जानेवारी १९४१ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मांडलेली ती हीच. पहिल्यांदा मी ते वाचलं तेव्हा नोट खाली ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. १९३० साली आपल्या शहरात इंग्रजांचा मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो-येतो. आणि त्यानंतर तेरा वर्षांनी याच जिल्ह्यातला एक शिपाई इटलीच्या चिखलात हे शब्द छापलेला कागद खिशात घेऊन इंग्रजांच्या बाजूने लढत होता. आजोबांना इंग्रजी वाचता येत होतं का? कुणी त्यांना अर्थ सांगितला होता का? हे फक्त तुमच्या घरातलं कुणीतरी सांगू शकेल.

म्हणून माझी विनंती अशी. नोटांची किंमत काढण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. आत्या असतील, चुलते असतील. आजोबा इटलीचं काय सांगायचे, एखादं गावाचं नाव घ्यायचे का, थंडीचं काही बोलायचे का, जसं आठवेल तसं लिहा, दुरुस्त करत बसू नका. पदकाची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी असेल तर तो 'इटली स्टार' आहे आणि ते तिथल्या मोहिमेत होते हे पक्कं. डिस्चार्ज बुकावर बटालियन मिळेल. मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, आणि शिपाई नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला गोळीबारातून जखमी साथीदारांना उचलून आणल्याबद्दल. तुमचे आजोबा त्यातल्या एखाद्या बटालियनचे निघाले तर त्यांच्या नोटा कुठून कुठे फिरल्या हेसुद्धा नकाशावर दाखवता येईल. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. तिथे बुकावरचा नंबर देऊन चौकशी करा.

आणि आठ नोटा भावंडांत वाटू नका. पदकाशी ताटातूट झाली की त्या इतर कुठल्याही लिरांसारख्या होतात.

प्रश्न : माझ्याकडे युद्धकाळातल्या पंधरा-वीस विदेशी नोटा आहेत. मुलगा म्हणतो लॅमिनेट करून घेऊ, म्हणजे कायमच्या टिकतील. करावं का? — जुळे सोलापूर

उत्तर : नाही, नाही, नाही. लॅमिनेशनची गरम प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत शिरते, ती पुन्हा निघत नाही. लॅमिनेट केलेली नोट संग्राहक हातात घेत नाही.

माझ्या हातून याहून वाईट झालंय. ग्रीसची १९४४ ची शंभर अब्ज द्राख्मांची नोट माझ्याकडे होती. एकावर अकरा शून्यं. जर्मन-इटालियन ताब्यात असताना ग्रीसला फौजेचा खर्च नोटा छापून भागवायला लावला, १९४१-४२ च्या हिवाळ्यात माणसं उपासमारीने मेली, आणि शेवटी पैसा इतका पातळ झाला की नोव्हेंबर १९४४ मध्ये ५० अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवी द्राख्मा दिली. म्हणजे माझी नोट दोन द्राख्मांची झाली. मला ती सगळ्यांना दाखवायची होती म्हणून शहरातल्या एका दुकानात फ्रेमला दिली. त्याने मला न विचारता ती पुठ्ठ्यावर सोल्यूशनने चिकटवली. मीही घरी आणून पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. दोन उन्हाळ्यांत चित्र उडालं आणि कडेने सोल्यूशनचा तपकिरी डाग आत सरकत आला. सोडवायला गेले तर मागची बाजू पुठ्ठ्यावरच राहिली. ती नोट मी टाकलेली नाही. अजून आहे, दोन तुकड्यांत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट संध्याकाळी हात लावून बघा, भाकरीच्या तव्यासारखं लागतं. त्या कोरड्या उष्णतेत युद्धकाळातला हलका कागद पापडासारखा होतो, घडीवर मोडतो. नोटा आतल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. दर नोटेला एक पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट, ज्याला मायलर म्हणतात ते. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक नको. ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. डांबरगोळ्या नोटांच्या डब्यात टाकू नका. कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी अल्बम उघडून पानं चाळलेली बरी. घडी इस्त्रीने मोडू नका, डाग रबराने खोडू नका, चिकटपट्टी तर हातातही घेऊ नका. नोटेवर पेनने काही लिहू नका. जे लिहायचं ते पाकिटातल्या वेगळ्या चिठ्ठीवर, शिसपेन्सिलीने.

प्रश्न : प्रदर्शनात घेतलेल्या एका नोटेला बारीक भोकं पाडून 'स्पेसिमेन' अशी अक्षरं केलेली आहेत. नोट बोहेमिया-मोरावियाची आहे. दुकानदाराने फसवलं का? — अक्कलकोट

उत्तर : फसवलं नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या मोठ्या भागाला जर्मनांनी १९३९ ते १९४५ 'संरक्षित प्रदेश' करून ताब्यात ठेवलं होतं, तिथली ही नोट. 'स्पेसिमेन' म्हणजे नमुना. अशी भोकं पाडलेली नोट चलनात गेलेली नसते. या मुलखाच्या अशा नोटा बाजारात खूप आहेत, म्हणून बिनभोकाच्या नोटेपेक्षा स्वस्त मिळतात. जास्त पैसे मोजले नसतील तर ठेवा. कागद करकरीत असतो आणि छपाई अभ्यासायला याहून चांगली नोट नाही.

प्रश्न : आमच्या पणजोबांचा कापसाचा व्यापार होता, मुंबईला जाणं-येणं असायचं. त्यांच्या चोपडीत ५ पौंडांची बँक ऑफ इंग्लंडची नोट मिळाली. पांढरी, एकाच बाजूला काळ्या शाईने छापलेली, मागे कोरी. सन १९३६. ही नकली आहे का? — मोहोळ

उत्तर : मागे कोरी आहे म्हणून नकली नाही. इंग्लंडच्या मोठ्या नोटा तेव्हा तशाच असत, पांढऱ्या आणि एकाच अंगाने छापलेल्या. पण तपासल्याशिवाय खरी म्हणून कुणाला विकू नका, कारण याच नोटांची इतिहासातली सगळ्यांत मोठी नक्कल झाली आहे. बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेन छळछावणीत जर्मनांनी कैदी कारागिरांना वेगळ्या बराकीत ठेवून ५, १०, २० आणि ५० पौंडांच्या नोटा छापून घेतल्या. बर्नहार्ड क्रूगर हा त्यावरचा अधिकारी, म्हणून त्याला 'ऑपरेशन बर्नहार्ड' म्हणतात. पुढे भीतीने बँक ऑफ इंग्लंडने १९४३ मध्ये पाच पौंडांवरच्या नोटा काढणंच थांबवलं. युद्ध संपता संपता उरलेला माल ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तलावात बुडवला, तो १९५९ मध्ये वर काढला.

यातली कागदाची गोष्ट सोलापूरकरांनी ऐकण्यासारखी आहे. इंग्रजी नोटेचा कागद चिंध्यांपासून बनायचा. जर्मनांनी नव्या कोऱ्या लिननचा कागद केला, तो जुळेना. मग तेच कापड आधी वापरून मळवलं, धुतलं आणि त्याच्या चिंध्यांचा कागद केला, तेव्हा जुळला. गिरणीच्या या गावाला वेगळं सांगायला नको, नवं सूत आणि धुतलेलं सूत हाताला वेगळं लागतं.

तुमचं तुम्हाला एक करता येईल. नवी पेठेतल्या बहुतेक दुकानांत नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर सावध व्हा. कागदाला पांढरा करणारं चमकीचं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं, त्यामुळे जुना कागद त्या दिव्याखाली मंद दिसतो. अपवाद एक, ती नोट कुणी डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर तीही चमकते. पण हा दिवा अलीकडची बनावट पकडतो, छावणीतली नक्कल नाही. तिच्यासाठी जाणकाराचीच नजर लागेल. नोट खरी निघाली तर बँक ऑफ इंग्लंड आजही तिचे दर्शनी पैसे देते, पण तसं करू नका, संग्राहक त्याच्या कितीतरी पट देतो.

प्रश्न : ताई, एका लिलावात लॉड्झ आणि तेरेझिन इथल्या ज्यू वस्तीतल्या नोटा पाहिल्या. घ्याव्याशा वाटतात, पण हात पुढे जात नाही. मेलेल्या माणसांचा पैसा आपण छंद म्हणून ठेवावा का? — पंढरपूर

उत्तर : हा प्रश्न मला स्वतःला दहा वर्षं पडला होता. मग मी तेरेझिनची एक नोट घेतली. का घेतली ते सांगते.

लॉड्झ हे पोलंडमधलं कापडगिरण्यांचं शहर. आपल्यासारखंच भोंग्यावर उठणारं. १९४० च्या एप्रिलअखेर जर्मनांनी तिथल्या दीड लाखाहून जास्त ज्यूंना एका वस्तीत कोंडलं आणि दारं बंद केली. त्यांच्याकडचा खरा पैसा काढून घेतला आणि बदल्यात वस्तीपुरती चालणारी पावती दिली. १५ मे १९४० ही तारीख, 'पावती' हाच शब्द, आणि वस्तीच्या ज्यू प्रमुखाची, रुमकोव्स्कीची सही. कुंपणाबाहेर त्या कागदाला भाकरीचा तुकडा मिळत नव्हता, आणि हेतूही तोच होता. त्याच माणसांकडून जर्मन फौजेचे गणवेश शिवून घेतले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये उरलेल्यांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. मी माग आणि शिलाई मशीन यांच्या आवाजात वाढले. चार आण्यांच्या हिशेबासाठी आमच्या गल्लीत किती भांडणं व्हायची ते मी ऐकलंय. दिवसभर शिवण करून हातात असा कागद मिळणं काय असेल, ते मला पुस्तकातून नाही, त्या नोटेचा फोटो बघून कळलं.

तेरेझिन आजच्या चेक प्रजासत्ताकात. त्याची गोष्ट निराळी. तिथल्या नोटांवर १ जानेवारी १९४३ ही तारीख आहे आणि दगडी पाट्या धरलेला ज्यूंचा प्रेषित मोझेस. चित्र काढलं पेटर कीन या कैदी चित्रकाराने. वस्तीत कागदोपत्री बँक होती, खाती होती, पण त्या पैशांत घेण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. सारा देखावा होता. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसचे पाहुणे आले तेव्हा असंच सगळं गाव सजवून दाखवलं. त्याच वर्षी कीन ऑशविट्झला गेला आणि तिथेच मेला. माझ्याकडची नोट करकरीत आहे, एक घडी नाही. बाजारात अशाच जास्त मिळतात, कारण गठ्ठेच्या गठ्ठे न वापरता राहिले. इतर कुठलीही नोट कोरी मिळाली की मला आनंद होतो. या नोटेचं कोरेपण बघवत नाही.

म्हणून माझं मत : घ्या, पण भिंतीवर लावू नका, गंमत म्हणून पाहुण्यांना दाखवू नका. मी ती अल्बमात ठेवत नाही, वेगळ्या पाकिटात ठेवते आणि सोबत कीनबद्दल अर्धं पान लिहिलंय. शाळेची मुलं घरी येतात तेव्हा ते पान आधी वाचायला देते, नोट नंतर. आणि लॉड्झची नोट घ्यायची तर अतिशय जपून, कारण तिच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत. मृतांच्या नावावर कुणी खोटा कागद विकत असेल तर निदान आपल्या पैशाने नको.

प्रश्न : मी अकरावीत आहे. महिन्याला तीनशे-चारशे रुपये उरतात. मला महायुद्धातल्या नोटा जमवायच्या आहेत. पहिली कुठली घेऊ? — अशोक चौक

उत्तर : बाळा, ऑस्ट्रिया-हंगेरीची १९१७ ची दोन क्रोनांची नोट घे. पहिल्या महायुद्धातली, लालसर रंगाची, बऱ्यापैकी स्वस्त आणि जगभर भरपूर.

युद्ध लागलं की लोक चांदीचं नाणं दडवून ठेवतात आणि सरकारला तांबं-निकेल तोफगोळ्यांसाठी हवं असतं. मग सुट्ट्या पैशांच्याही नोटा काढाव्या लागतात. आपल्याकडेही एक रुपयाची पहिली नोट त्याच वर्षी, १९१७ मध्ये, चांदी कमी पडली म्हणून निघाली. जर्मनीत तर गावोगावच्या नगरपालिकांनी आपापल्या नोटा छापल्या, त्यांना नोटगेल्ड म्हणतात. बिलेफेल्ड या कापडाच्या गावाने पुढे रेशमावर आणि लिननवरही छापल्या. त्या महाग आहेत, नोकरीला लागल्यावर बघ.

दोन क्रोनांची नोट मी तुला का सुचवते? तिच्या एका बाजूला हंगेरियन आहे आणि दुसऱ्या बाजूला जर्मन, आणि जर्मनच्या बरोबरीने 'दोन क्रोना' हेच शब्द आणखी आठ भाषांत. चेक, पोलिश, रुथेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रोमानियन. काही रोमन लिपीत, काही सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत. आमच्या छापखान्यात मराठी, कानडी, तेलुगू खिळ्यांच्या पेट्या वेगवेगळ्या घोड्यांवर, म्हणजे मांडण्यांवर असायच्या, आणि एका पेटीतला खिळा दुसऱ्या पेटीत गेला की वडील जेवायला बसू द्यायचे नाहीत. एकाच पत्रिकेवर तीन लिप्या सारख्या वजनाच्या दिसायला किती मरमर करावी लागते ते मला माहीत आहे. इथे एवढ्याशा नोटेच्या एकाच बाजूला नऊ भाषा बसवल्यात आणि एकही दुसरीवर कुरघोडी करत नाही. पुढच्याच वर्षी ते साम्राज्य मोडलं. त्यानंतर याच नोटांवर 'डॉइचओस्टराइश', म्हणजे जर्मन-ऑस्ट्रिया, असा शिक्का मारून त्या नव्या देशात चालवल्या. शिक्क्याची आणि बिनशिक्क्याची, दोन्ही मिळाल्या तर शेजारी शेजारी ठेव.

घेताना चुरगळलेली असली तरी चालेल, फाटलेली नको. चार कोपरे शाबूत आहेत का बघ. आणि घेतलीस की दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. मागची बाजू तिरप्या उजेडात काढ, नंबराचा ठसा किती खोल गेलाय ते मला तिथेच बघायचं असतं.